अमेरिकेतील नर्सिंग होममधील नर्स एडचे सेवांतर्गत प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ज्यांचे आईवडील किंवा नातेवाईक नर्सिंग होममध्ये राहतात, आणि जे मराठी भाषक तिथे नर्स एड म्हणून काम करतात किंवा करू इच्छितात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मी स्वतः परिचारिका आहे आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हेच माझे रोजचे काम आहे. खालील प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारले जात आले आहेत.

नर्सिंग होम म्हणजे नेमके काय, आणि नर्स एड कोणाला म्हणतात?

महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हटले की दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही हा शब्द त्याच अर्थाने आलेला आहे. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे वृद्ध, अपंग किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसांची निवासी शुश्रूषा-संस्था. तिथे राहणाऱ्यांना रुग्ण न म्हणता रहिवासी म्हणतात, कारण पुष्कळांचे ते अखेरचे घरच असते. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी योजनांची मान्यता असलेल्या अशा सुमारे १५ हजार संस्था देशभर आहेत.

या रहिवाशांना अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, शौचाला नेणे, कपडे घालणे, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवणे ही सगळी कामे नर्स एड करतात. परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्याच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, नाव लागले की पुष्कळ राज्यांत त्यांना सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) म्हणतात. आपल्याकडच्या रुग्णालयांतल्या मावशी आणि मामा यांच्या कामाशी या कामाचे पुष्कळ साम्य आहे. फरक एवढाच की इथे त्या कामासाठी शिक्षण, परीक्षा आणि नंतर नोकरीत असताना दरवर्षी किमान १२ तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण हे तिन्ही कायद्याने बंधनकारक आहे. रहिवाशाच्या अंगाला दिवसभरात सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो नर्स एडचा. त्यामुळे तिला काय शिकवले जाते, हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो.

वर्षाला १२ तासांचा नियम कुठून आला?

१९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने नर्सिंग होममधील सेवेच्या दर्जाविषयी एक अहवाल दिला आणि तिथल्या दुरवस्थेकडे देशाचे लक्ष वेधले. त्यावरून १९८७ च्या अर्थसंकल्पीय समन्वय कायद्यात, ज्याला सगळे ‘ओब्रा’ या नावाने ओळखतात, नर्सिंग होमविषयीच्या सुधारणा समाविष्ट झाल्या. नर्स एडचे आरंभीचे प्रशिक्षण, क्षमता-परीक्षा, राज्याची रजिस्ट्री, कामगिरीचा नियमित आढावा आणि नियमित सेवांतर्गत प्रशिक्षण या गोष्टी त्या कायद्यामुळे सक्तीच्या झाल्या. ‘नियमित’ म्हणजे किती, हे पुढे नियमावलीने ठरवले : प्रत्येक नर्स एडला वर्षाला किमान १२ तास.

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) हाताळणी आणि छळ-प्रतिबंध या दोन विषयांवर भर दिला. २०१६ मध्ये नर्सिंग होमची नियमावली नव्याने लिहिली गेली, तेव्हा प्रशिक्षणासाठी तीत स्वतंत्र कलम आले. त्या कलमाचा मोठा भाग २८ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला.

नोकरी लागण्यापूर्वीचे प्रशिक्षण या १२ तासांत मोजतात का?

नाही. आरंभीचे प्रशिक्षण संघराज्याच्या नियमानुसार किमान ७५ तासांचे असते आणि त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. शिवाय रहिवाशाला हात लावण्याआधी संवाद, संसर्ग-नियंत्रण, सुरक्षितता आणि आणीबाणीतील उपाय, रहिवाशाचे स्वावलंबन जपणे आणि त्याच्या हक्कांचा मान राखणे या विषयांचे किमान १६ तासांचे शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते. त्यानंतर लेखी किंवा तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक होते. पूर्णवेळ नेमणूक झाल्यास चार महिन्यांच्या आत ही पात्रता मिळवावी लागते. सेवांतर्गत प्रशिक्षण त्याच्या पुढचे आहे आणि नोकरी चालू असेपर्यंत ते चालूच राहते.

७५ तास पुरेसे आहेत का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेच २००८ मध्ये किमान १२० तासांची शिफारस केली होती, पण संघराज्याचा आकडा अजून तिथेच आहे. काही राज्यांनी स्वतःहून तो वाढवला : कॅलिफोर्नियात १६० तास, मेनमध्ये १८०, न्यू जर्सीत ९०. सुरुवातीचा पाया जिथे इतका तोकडा आहे, तिथे वर्षाच्या १२ तासांवर किती भार येतो हे यावरून लक्षात यावे.

हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे धरायचे का?

केंद्रीय तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्ष नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात. १८ ऑगस्टला रुजू झालेल्या मदतनिसाचे १२ तास पुढच्या ऑगस्टच्या त्याच सुमाराला पूर्ण झालेले दिसावे लागतात. संस्थांचा गोंधळ बहुधा इथेच होतो, कारण सगळ्यांचे वर्ग डिसेंबरात उरकून घेतले की हिशेब पुरा झाला अशी समजूत असते. दर महिन्याला एक तास ठेवणे सर्वांत सोयीचे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीनेही तेच बरे.

या १२ तासांत कोणते विषय असावे लागतात?

नियमात विषयांची लांबलचक यादी नाही. नर्स एडची क्षमता टिकून राहील इतके प्रशिक्षण असावे, आणि ते १२ तासांपेक्षा कमी असू नये, ही पहिली अट आहे. डिमेन्शिया असलेल्यांची काळजी आणि छळ-प्रतिबंध हे दोन विषय त्यात असलेच पाहिजेत. कामगिरीच्या आढाव्यात जे दोष दिसले आणि संस्थेने स्वतःच्या गरजांचे जे मूल्यमापन केले, त्यांना धरून विषय निवडले पाहिजेत. आणि ज्यांच्या हाती आकलन मंदावलेले रहिवासी आहेत, त्यांना त्या काळजीचे खास शिक्षण दिले पाहिजे.

याखेरीज सर्वच कर्मचाऱ्यांना लागू असलेले विषय आहेत : परिणामकारक संवाद, रहिवाशांचे हक्क, छळ, हेळसांड आणि फसवणूक यांना प्रतिबंध, दर्जासुधारणा कार्यक्रम, संसर्ग-नियंत्रण, कायदेपालन आणि नीतिनियम, वर्तनविषयक आरोग्य. पाच किंवा अधिक नर्सिंग होम चालवणाऱ्या कंपन्यांना कायदेपालनाचे प्रशिक्षण दरवर्षी द्यावे लागते.

विषय काळाप्रमाणे बदलतातही. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०२४ पासून औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग किंवा वास्तव्य असलेल्या, तसेच जखम असलेल्या किंवा लघवीच्या नळीसारखे उपकरण लावलेल्या रहिवाशांची जवळून काळजी घेताना गाऊन आणि हातमोजे घालण्याचा नियम नर्सिंग होमना लागू झाला. तोवर वर्षानुवर्षे नुसते हातमोजे घालून नळीची स्वच्छता करणाऱ्या मदतनिसांना हा बदल का झाला, गाऊन दारात घालायचा की खाटेपाशी, आणि एकाच खोलीत दोघे असतील तर मध्ये काय करायचे, हे समजावून सांगावे लागले. नियमाचा कागद भिंतीवर चिकटवून हे होत नाही.

कामगिरीचा आढावा आणि प्रशिक्षण यांचा काय संबंध?

माझ्या मते संपूर्ण नियमाचा गाभा इथेच आहे, आणि दुर्लक्षही याच भागाकडे सर्वांत जास्त होते. प्रत्येक नर्स एडच्या कामाचा आढावा १२ महिन्यांतून किमान एकदा घ्यायचा आणि त्यातून जे निष्पन्न होईल त्यावर प्रशिक्षण द्यायचे, अशी ही सांगड आहे. प्रत्यक्षात आढावा एका फायलीत राहतो, प्रशिक्षणाचे वेळापत्रक दुसऱ्या फायलीत, आणि दोहोंची गाठ कधी पडत नाही. सर्वांना तेच व्हिडिओ, तीच प्रश्नपत्रिका आणि शेवटी हजेरीपत्रकावर सह्या. तास भरतात, पण खाटेजवळ काही बदलत नाही.

एक उदाहरण देते. खाटेवरून खुर्चीत नेताना रहिवाशाच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधतात, त्याला गेट बेल्ट म्हणतात. आढाव्याच्या वेळी मी एका अनुभवी मदतनिसाचे काम उभी राहून पाहिले. खुर्चीचे ब्रेक लावलेले होते, रहिवाशाच्या पायांत न घसरणारे मोजे होते, पट्टाही होता. पण तो इतका सैल होता की उभे करताना सरकून बरगड्यांपर्यंत आला, आणि मग तिने सवयीने रहिवाशाच्या काखेत हात घालून ओढले. लेखी चाचणीत याच विषयावर तिची सगळी उत्तरे बरोबर होती. त्या आठवड्यात आम्ही एका रिकाम्या खोलीत तिला आणि तिच्या पाळीतल्या इतरांना आळीपाळीने खुर्चीत बसवले आणि दोन्ही पद्धतींनी उठवले. काखेतून ओढल्यावर खांदा कसा दुखतो हे स्वतःला कळल्यावर पट्टा किती घट्ट हवा, त्यात आणि अंगात किती बोटे मावली पाहिजेत, हे कोणाला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे नोंदवहीत लिहिली गेली आणि १२ तासांत मोजलीही गेली.

डिमेन्शियाच्या प्रशिक्षणावर एवढा भर का दिला जातो?

नर्सिंग होममधल्या रहिवाशांत डिमेन्शिया असलेल्यांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि अशा माणसाला आपली अडचण शब्दांत सांगता येत नाही. तो हात झटकतो, ओरडतो, ताट सरकवतो, दाराकडे जात राहतो. ज्याला शिकवलेले नाही तो या वागण्याला हट्ट समजतो, आणि चिडलेल्या, दमलेल्या माणसाच्या हातून इथेच दांडगाई घडण्याचा धोका असतो. डिमेन्शिया आणि छळ-प्रतिबंध हे दोन विषय कायद्याने जोडीने सांगितले आहेत, त्यामागे हेच कारण असावे असे मला वाटते. मेडिकेअर-मेडिकेडचे काम पाहणाऱ्या सीएमएस या केंद्रीय यंत्रणेने ‘हँड इन हँड’ नावाची प्रशिक्षणमाला खास नर्सिंग होमसाठी तयार करून मोफत उपलब्ध करून दिली, तीही याच दोन विषयांवर आहे.

चांगल्या प्रशिक्षणात मदतनिसाला प्रत्येक वागण्यामागचे कारण शोधायला शिकवले जाते : दुखते आहे का, लघवी लागली आहे का, थंडी वाजते आहे का, पूर्वायुष्यातली एखादी सवय मोडली जाते आहे का. एका मराठी आजींच्या नोंदीत कितीतरी दिवस ‘न्याहारी नाकारली’ असे लिहिले जात होते आणि वजन उतरू लागले होते. ताट समोर आले की त्या तोंड घट्ट मिटून घेत आणि इंग्रजी विसरल्यामुळे मराठीत काहीतरी पुटपुटत. मुलीला विचारल्यावर उलगडा झाला : आजींनी आयुष्यात कधी अंघोळीआधी तोंडात घास घातला नव्हता, आणि इथे त्यांची अंघोळ संध्याकाळच्या पाळीकडे होती. अंघोळ सकाळी आणली, निदान हातपाय-तोंड धुऊन, केस विंचरून मग ताट पुढे ठेवले, तेव्हा त्या खाऊ लागल्या. त्यांची मदतनीस दुसऱ्याच देशातून आलेली होती. तिला ही चालरीत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ‘नाकारली’ असे लिहून पुढे न जाता घरच्यांना विचारायचे, हे मात्र शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे.

ऑनलाइन प्रशिक्षण चालते का?

संघराज्याच्या नियमात त्याला मनाई नाही. हक्क, कायदेपालन, छळ झाल्याचे कळवण्याची पद्धत असे विषय पडद्यावर शिकता येतात. पण भरवताना रहिवाशाला ताठ बसवणे, जेवणानंतर किमान अर्धा तास तसेच बसू देणे, गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी घट्ट केलेले पेय कोणत्या दाटपणाचे आहे ते चमच्यावरून ओळखणे, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी उशी लावणे, हे हातानेच शिकावे लागते. कर्मचाऱ्याला ते कौशल्य खरोखर करता येते का, हे संस्थेने दाखवून देणे अपेक्षित आहे, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिल्याच्या प्रमाणपत्राने ते सिद्ध होत नाही. काही राज्यांनी ऑनलाइन तासांवर मर्यादाही घातली आहे.

राज्याराज्यांत फरक असतो का?

असतो. संघराज्याचा नियम किमान मर्यादा ठरवतो आणि राज्य त्यात भर घालू शकते. कॅलिफोर्नियात नर्सिंग होमने नर्स एडला वर्षाला २४ तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण द्यावे लागते. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी दोन वर्षांत ४८ तास लागतात, त्यांपैकी किमान १२ प्रत्येक वर्षात झालेले असावेत आणि ऑनलाइन तास २४ पेक्षा जास्त धरले जात नाहीत. इथे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत : संस्थेने प्रशिक्षण देण्याची जबाबदारी एक, आणि नर्स एडने स्वतःचे प्रमाणपत्र चालू ठेवण्याची जबाबदारी दुसरी. राज्य बदलताना आपल्या सर्व तासांच्या नोंदींची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

या वेळेचा पगार मिळतो का? शुल्क भरावे लागते का?

मालकाने बंधनकारक केलेल्या आणि कामाशी थेट संबंध असलेल्या प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचाच वेळ होय. कामाच्या वेळेबाहेर असणे, हजेरी ऐच्छिक असणे, विषय कामाशी संबंधित नसणे आणि त्या वेळात काही काम न करणे, या चारही अटी पूर्ण झाल्या तरच केंद्रीय श्रम-नियमांनुसार तो वेळ बिनपगारी धरता येतो. सेवांतर्गत प्रशिक्षण या अटींत बसत नाही. सुट्टीच्या दिवशी घरून व्हिडिओ पाहायला सांगून त्याचे पैसे न देणे अन्यायाचे आहे, आणि तसे होत असेल तर मदतनिसाने राज्याच्या किंवा केंद्राच्या श्रम विभागाकडे विचारणा करायला कचरू नये.

आरंभीच्या प्रशिक्षणाबाबत असे आहे की नर्सिंग होममध्ये नोकरी असलेल्या किंवा नोकरीचा प्रस्ताव हाती असलेल्या उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. स्वतः पैसे भरून शिकलेल्याला १२ महिन्यांच्या आत अशा संस्थेत नोकरी लागली, तर राज्याने प्रमाणशीर परतफेड करायची असते. ही तरतूद अनेकांना माहीत नसते.

एजन्सीमार्फत आलेल्या, अर्धवेळ किंवा रात्रपाळीच्या मदतनिसांचे काय?

प्रशिक्षणाचा नियम नव्या आणि जुन्या कर्मचाऱ्यांना, कंत्राटी माणसांना आणि स्वयंसेवकांनाही त्यांच्या कामानुसार लागू आहे. एजन्सीची मदतनीस एकाच रात्रीसाठी आली तरी कोणाला गिळताना ठसका लागतो आणि कोण रात्री उठून चालू लागतो हे तिला कळलेच पाहिजे. वर्ग दुपारी दोन वाजता ठेवून रात्रपाळीच्या माणसांना झोपमोड करून बोलावणे हा माझ्या दृष्टीने प्रशिक्षणाचा देखावा आहे. शिकवणाऱ्याने पहाटे पाच वाजता जावे. मी जाते.

असिस्टेड लिव्हिंग आणि घरी येणाऱ्या मदतनिसांना हाच नियम लागू आहे का?

असिस्टेड लिव्हिंगला, म्हणजे रोजच्या कामांत थोडी मदत लागणाऱ्यांच्या निवासी संस्थांना, संघराज्याचा हा नियम लागू नाही. तिथे राज्याचे नियम चालतात आणि ते फार वेगवेगळे आहेत. मेडिकेअर-मान्य संस्थेतर्फे घरी येणाऱ्या होम हेल्थ एडसाठी मात्र ७५ तासांचे आरंभीचे आणि दर १२ महिन्यांत १२ तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण अशीच तरतूद आहे. नर्सिंग होममध्ये फक्त भरवण्यासाठी नेमलेल्या सहायकांना किमान ८ तासांचा राज्यमान्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

तपासणीत काय पाहतात? नियम मोडल्यास काय होते?

राज्याचे तपासनीस पूर्वसूचना न देता येतात. ते काही मदतनिसांची नावे निवडून त्यांचे आढावे, तासांच्या नोंदी आणि विषय पाहतात, त्यांच्याशी बोलतात आणि काम करताना निरीक्षण करतात. आढावा आणि त्यावर आधारित प्रशिक्षण नसल्यास एफ-७३०, तर १२ तास किंवा आवश्यक विषय अपुरे असल्यास एफ-९४७ या क्रमांकाखाली त्रुटी नोंदली जाते. संस्थेला सुधारणेची लेखी योजना द्यावी लागते आणि त्रुटी गंभीर असल्यास दंडही होऊ शकतो. सेवेचा दर्जा निकृष्ट ठरून विस्तारित तपासणी करावी लागली, तर त्या संस्थेला स्वतःचा नर्स एड अभ्यासक्रम दोन वर्षे चालवता येत नाही.

कोविडच्या काळातील सवलती अजून चालू आहेत का?

नाही. मार्च २०२० नंतर आरंभीचे प्रशिक्षण आणि वार्षिक १२ तास या दोन्हींत सवलती दिल्या होत्या. जून २०२२ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या.

मी सीएनए आहे आणि आईच्या आजारपणासाठी दीर्घकाळ महाराष्ट्रात जावे लागणार आहे. माझे प्रमाणपत्र टिकेल का?

सलग २४ महिने पगारी शुश्रूषेचे काम केले नाही, तर पुन्हा प्रशिक्षण आणि परीक्षा, किंवा निदान परीक्षा, द्यावी लागते. घरी आईची सेवा करणे हे पगारी काम नसल्यामुळे ते धरले जात नाही, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी असली तरी नियम तसा आहे. जाण्यापूर्वी शेवटच्या पगारी दिवसाची तारीख लेखी घ्यावी, राज्याच्या रजिस्ट्रीकडे नूतनीकरणाची मुदत विचारून ठेवावी आणि पत्ता बदलल्याचे कळवावे.

कुटुंबीयांना या बाबतीत काय करता येते?

आपल्या माणसाची काळजी घेणाऱ्या मदतनिसांना गेल्या वर्षभरात काय शिकवले गेले, हे नर्सिंग विभागाच्या प्रमुखांना विचारायला संकोच करू नये. मागील तपासणीचा अहवाल संस्थेत सर्वांना सहज पाहता येईल असा ठेवणे बंधनकारक आहे आणि तो मेडिकेअरच्या ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावरही मिळतो. त्यात एफ-७३० आणि एफ-९४७ हे त्रुटींचे दोन क्रमांक दिसतात का ते पाहावे. तक्रार करायची असेल, तर प्रत्येक राज्यात दीर्घकालीन सेवेसाठी ओम्बुड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारींची दखल घेणारे लोक, नेमलेले असतात.

मराठी घरांना माझे आणखी एक सांगणे आहे. आपल्या वडीलधाऱ्यांविषयी अर्धे पान इंग्रजीत लिहून द्यावे : त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, अंघोळ आणि देवपूजा केव्हा असते, उपास कोणत्या वारी, हाताने जेवतात की चमच्याने, दुखले की काय म्हणतात. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘नको’, ‘लघवी’ असे दहा-बारा शब्द उच्चारासह त्याखाली लिहावेत. काळजी-योजनेची बैठक साधारण दर तीन महिन्यांनी होते आणि तिथे कुटुंबीयांना बसण्याचा हक्क आहे. ते पान त्या बैठकीत द्यावे आणि तिन्ही पाळ्यांतल्या मदतनिसांना ते समजावून सांगितले जाईल, असे योजनेत लिहून घ्यावे.